ट्रनियनला तेल

इडवालने किल्ली लगेच दिली नाही.
आधी मला गाडीखाली उताणं झोपवलं
आणि हातात फ्रिजवरचं लोहचुंबक दिलं,
त्यावर मेंढीचं चित्र.
म्हणाला, दाराखालच्या पत्र्यावरून फिरव.
चिकटेल ते लोखंड,
सुटेल तिथे लांबी भरलीय. माझीच कारागिरी.
सात वेळा मेंढी माझ्या छातीवर पडली.

मी शाळेची बस चालवते,
बालाच्या तळ्याकाठून, सकाळ-संध्याकाळ.
वीस वर्षं रस्ता उंचावरूनच पाहिला.
ही स्पिटफायर इतकी बुटकी
की दारातून हात खाली सोडला तर बोटांना डांबर लागावं.
अडुसष्टची. माझ्याहून चार वर्षांनी थोरली.

घासाघीस केली नाही.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर बत्तीसशे पौंड मोजले,
त्यातले पन्नास त्याने परत सरकवले:
"पान्यांसाठी. तुझे मिलिमीटरवाले इथे चालायचे नाहीत."

खरंच होतं ते.
तेराचा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर
बसल्यासारखा वाटतो,
आणि जोर लावला की कोपरे खातो.
मला हे आधीच कळायला हवं होतं,
एक अख्खं लग्न मी तसंच काढलंय.

हिवाळाभर बस लावून आले की शेडमध्ये.
बॉनेट कसलं, पुढचा सगळा पत्राच
एका हिसक्यात पुढे कलंडतो,
मग टायरवर बसायचं, मांडीला टेकून इंजिन.
दोन कार्बोरेटर, त्यांचा श्वास सारखा हवा.
रबरी नळीचं एक टोक कानात,
दुसरं आळीपाळीने दोघांच्या तोंडाशी.
एकाचा स्स् लांब, एकाचा आखूड.
स्क्रू पाव फेरी. पुन्हा ऐक.
भाऊ दारात उभा राहून विचारायचा,
"छत गळतं?"
हो.
"हीटर?"
मनात आलं तर.
"मग घेतलीस कशाला?"
मी नळी दुसऱ्या कानात घालायची.

एप्रिलमध्ये इडवाल आला, काठी टेकत,
उलट्या बादलीवर बसला,
पुढचं चाक डावी-उजवीकडे वळवायला लावलं.
मान तिरकी.
"ट्रनियनमध्ये काय घातलंस?"
ग्रीस, मी म्हणाले. भरपूर.
ग्रीसचंच तर तोंड आहे तिथे.

तो बराच वेळ बोलला नाही.
मग पँट गुडघ्यापर्यंत वर केली.
नडगीवर जुना, पांढरट व्रण, वेडावाकडा.
"गावाला सांगितलं, मेंढ्याने धडक दिली.
शहात्तर साल. बुल्ख-अ-ग्रोइसचा उतार,
शेजारी मॉरविद, नवी टोपी घालून.
चाक पोटाखाली दुमडलं, कोंबडीच्या पायासारखं.
ट्रनियन सुकलेला. पितळ आतून खाल्लेलं.
मीही ग्रीसच भरलं होतं.
ते आटे सोडून नुसतं गोठतं,
तेल मात्र झिरपतं."
पँट खाली केली.
"मॉरविदने कुणाला सांगितलं नाही.
आता तुला माहीत आहे."

त्या दिवशी दोन्ही बाजू सोडवल्या.
मध्यरात्रीपर्यंत रॉकेल आणि जुने टूथब्रश.
डावा आटा शाबूत. उजवा नाही,
नवा डाक्यानं आला, मंगळवारी, बिस्किटाएवढ्या खोक्यात.
तेल घातलं, वरून ओघळेपर्यंत.

रविवारी खिंडीपर्यंत गेले आणि आले.
इडवालला खाली बसता येत नाही, खुबे बदललेत.
तो फाटकाशी थांबला होता
टोपी न घालता, वाऱ्यात.
आल्याबरोबर त्याने दोन्ही चाकांच्या आसाला हात लावला,
ताप बघतात तसा.
मग जमिनीवरचा काळा ठिपका काठीने दाखवला.
"गळतंय," मी म्हणाले.
"म्हणजे आहे."

सोमवारी बसमध्ये चढताना
पायऱ्या दोन जास्त वाटल्या.